अर्धे सर

सरांचं खरं नाव मस्टरवर होतं आणि तिथंच ते पडून असायचं. शाळेत त्यांना सगळे ‘अर्धे सर’ म्हणायचे; तोंडावर नाही, पाठ वळली की. माणूस काही अर्धा नव्हता. चांगला ताडमाड उंच, आणि आवाज असा की दुपारी डुलकी लागलेला शिपाई दोन खोल्या पलीकडे दचकून उठावा. अर्धं असायचं ते त्यांचं वाक्य.

इंग्रजीच्या तासाला सर फळ्यापुढे उभे राहायचे, डस्टर टेबलावर आपटायचे आणि वाक्य सुरू करायचे. संपवायचे मात्र कधीच नाहीत. शेवटचा शब्द वर्गाने ओरडायचा.

“द काऊ इज अ डोमेस्टिक—”

“अ‍ॅनिमल!”

“देअर आर एट पार्ट्स ऑफ—”

“स्पीच!”

“अ व्हर्ब इज अ डूइंग—”

“वर्ड!”

झालं व्याकरण. घंटा होईपर्यंत हेच. सरांचं म्हणणं असं की, शेवटचा शब्द मुलांनी म्हटला म्हणजे अख्खं वाक्य मुलांचं झालं. वा रे वा! दुसऱ्याने रांधायचं, दुसऱ्याने वाढायचं, घास करून तोंडाशीही दुसऱ्यानेच आणायचा, आपण फक्त आ करायचा, की झाला स्वयंपाक आपला! पण हे सरांना सांगणार कोण? हेडसरांची खोली वर्गाच्या भिंतीला लागूनच होती. भिंतीतून तो गजर ऐकू आला की हेडसर खुर्चीत मान मागे टाकून समाधानाने डोळे मिटायचे. पोरं ओरडतायत म्हणजे शिकतायत, एवढंच त्यांचं शिक्षणशास्त्र. ज्या वर्गातून आवाज येत नाही तिथं ते स्वतः जाऊन बघायचे, काही बिघडलंय का म्हणून.

मागच्या बाकांवरची मंडळी तर शब्दही म्हणायची नाहीत. पुढच्यांनी ‘अ‍ॅनि’ म्हटलं की हे नुसतं ‘मल’ करायचे. पण गजरात ते खपून जायचं. उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि इथं तर सगळं खळखळाटावरच चाललेलं.

एकदा वरून तपासणीला साहेब आले. साहेबांना जेवायची घाई होती. सरांनी सुरुवाती केल्या, वर्गाने शेवट केले, छपराचे पत्रे तेवढे उडायचे राहिले. साहेबांनी शेऱ्याच्या वहीत ‘इंग्रजी उत्तम’ असं लिहिलं आणि ते जेवायला गेले. तेव्हापासून सरांचे पाय जमिनीला लागेनात. वर्गात एकालाही उभं करून ‘बाळा, तूच एक वाक्य सांग’ असं साहेबांनी म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं, तर वर्ग अजूनही तसाच उभा असता.

निबंधाचंही तेच. ‘माझे वडील’ हा निबंध सर तोंडाने सांगायचे आणि वर्गाने जागा भरत भरत तो उतरवून घ्यायचा.

“माय फादर इज अ—”

“डॉक्टर!”

वर्गात एकाचाही बाप डॉक्टर नव्हता. कुणाचा गवंडी होता, कुणाचा बस चालवायचा, एकीच्या बापाचा तर पत्ताच नव्हता. पण वह्यांमधले सगळे बाप डॉक्टर, सगळे पहाटे उठून फिरायला जाणारे आणि सगळ्यांना सचोटी प्रिय. सर पहिली वही वाचायचे, बाकीच्यांवर नुसती बरोबरची खूण. काय चुकलं त्यांचं? एकच निबंध किती वेळा वाचायचा माणसाने! त्यांची स्वतःची लेकही त्याच वर्गात होती. तिनेही लिहिलं होतं, माझे वडील डॉक्टर आहेत. सरांनी तिला दहापैकी नऊ दिले. एक मार्क अक्षरासाठी कापला.

या लेकीला घरात चिऊ म्हणायचे. का म्हणायचे कोण जाणे, कारण चिमणीसारखी चिवचिव तिने जन्मात केली नव्हती. सरांना त्याचा केवढा अभिमान! “आमची चिऊ बघा,” ते शिक्षकांच्या खोलीत सांगायचे, “फालतू एक शब्द बोलत नाही. विचारलं तेवढंच.”

त्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलाशी एक नवी बाई बसायची. वर्षभरापूर्वी आली होती, बारीक चणीची, कानात एवढीशी कुडी, आणि सरांच्या मते डोक्यातही तेवढंच. ती खालच्या वर्गाला इंग्रजी शिकवायची. म्हणजे ती म्हणायची की शिकवते. मुलांना ती सांगायची, शाळेत येताना काय दिसलं ते लिहा, जमेल तसं लिहा. आणि मुलं लिहायची! कुणी लिहायचं, ‘डॉग इज स्लीप ऑन रोड’ अशा थाटाचं काहीतरी, कुणी चपलेचा अंगठा तुटल्याची कहाणी लिहायचं. चुकांचा नुसता सडा. बाई मात्र ते वाचून एकटीच हसायची, लाल पेनाने एखाद-दुसरी चूक दाखवायची आणि खाली विचारायची, ‘मग कुत्रं उठलं का?’

“कुत्रं उठलं का!” सर इतर शिक्षकांकडे बघून म्हणायचे. “अहो, हा इंग्रजीचा तास आहे की पांजरपोळ? माझ्या वर्गातली एक वही आणा. एक चूक दाखवा. मिशी उतरवून देईन.”

सगळे हसायचे. चूक निघणार कुठून? मुलांचं त्यात काही असेल तर ना!

एकदा नव्या बाईने धीर करून त्यांना म्हटलं, “सर, एक बोलू? तुमची मुलगी कधी प्रश्न विचारत नाही. मी तिच्या वर्गावर बदली म्हणून गेले होते. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसली होती.”

“ज्याला येत नाही तो विचारतो,” सर म्हणाले, आणि खोली पुन्हा हसली. बाईने वह्या उचलल्या आणि ती निघून गेली. सरांना वाटलं, कशी जिरवली.

आता मुद्द्याचं. सरांची शाळा सातवीपर्यंतच होती, पण नव्या वर्षापासून तिला वरचे वर्ग मिळाले होते, आणि त्या वर्गांचं इंग्रजीही सरांकडेच येणार होतं. म्हणजे चिऊ तिथंच राहिली तर दहावीपर्यंत बापाच्याच डस्टरखाली. गावाच्या दुसऱ्या टोकाला मात्र मोठी शाळा होती. तिथं बाहेरची थोडीशीच मुलं आठवीत घेत, आणि तीही इंग्रजीत एक पानभर लिहून घेऊन आणि मोठ्या बाईंनी स्वतः समोर बसवून बोलल्यावर. चिऊला ती शाळा हवी होती.

ही गोष्ट फक्त तिच्या आईला ठाऊक होती. मोठ्या शाळेत एकदा प्रदर्शन होतं, तेव्हा आई तिला घेऊन गेली होती. तिथं एका टेबलावर सूक्ष्मदर्शक ठेवला होता आणि त्याच्याखाली कांद्याचा पापुद्रा. चिऊने नळीला डोळा लावला तो काढीचना. मागे रांग लागली, लोक कुरकुरायला लागले, शेवटी आईने तिला दंडाला धरून बाजूला केलं. रात्री पोरगी भांडी पुसता पुसता म्हणाली, “आई, मला तिथं जायचंय.” आईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. स्वतःहून, कुणी काही न विचारता, चिऊने काही मागितल्याचं तिला आठवतच नव्हतं.

आई औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून तिला एक सवय लागली होती. समोरच्याचं बोलणं पुरं झाल्याशिवाय ती हात हलवायची नाही. आणि घरी हा नवरा!

“आज भाजीत मीठ जरा—” असं म्हणून सर थांबायचे.

आई जेवत राहायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनेही जागा भरल्या होत्या. मग एके दिवशी तिने ठरवलं की आपण काही याच्या वर्गात बसलेलो नाही. तेव्हापासून सर तिच्यापुढे अर्धं वाक्य टाकायचे, ते ताटाशेजारी पडून राहायचं, आणि शेवटी चिऊ हळूच म्हणायची, “कमी.”

आईने मोठ्या शाळेचं सरांच्या कानावर घातलं; लेक तिथं गेली तर आपलंच नाव होईल म्हणून ते लगेच तयार झाले. तेव्हा तिने पुढचा विषय काढला. “अहो, चार दिवस त्या नव्या बाईंकडे पाठवू या का हिला? त्या म्हणे मुलांकडून लिहून घेतात.”

सर असे उसळले की विचारू नका. “मी काय मेलोय का? अख्ख्या गावाची पोरं मी इंग्रजीत तरबेज केली आणि माझी लेक त्या कुत्र्या-मांजरांच्या बाईकडे? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!”

“लोकांचं सोडा. पोरीला एक वाक्य आपलं आपण येतं का, ते बघा एकदा.”

“एक? शंभर येतात! चिऊ, इकडे ये. अर्ली टू बेड अँड अर्ली टू—”

“राइज,” चिऊ म्हणाली.

“बघ!”

आईने कपाळाला हात लावला. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं? तिने चिऊकडे बघितलं. चिऊ बापाच्या तोंडाकडे बघत होती, पुढचं वाक्य येतंय का म्हणून.

मग तयारी सुरू झाली. सकाळी दात घासताना, संध्याकाळी दिवे लावताना, चालता-बोलता. मोठ्या बाई जे जे म्हणून विचारतील ते ते सरांनी आधीच ताडून ठेवलं होतं. आवडता प्राणी, आवडता ऋतू, आवडता खेळ, सचोटी, वक्तशीरपणा, आई, वडील, गाय. सर सुरुवात करायचे, चिऊ शेवट करायची. एक शब्द चुकत नव्हती. सरांची छाती फुगत चालली होती. नाकाने कांदे सोलणारा तो माणूस, आता तर त्याने पोत्याने सोलायला घेतले. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी जाहीर करून टाकलं, “आमच्या चिऊचं मोठ्या शाळेत झालंच म्हणून समजा.” नव्या बाईने मान वर केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मान पुन्हा खाली घातली. शहाणी होती.

ठरल्या दिवशी सर चिऊला घेऊन निघाले. आईला दुकानातून सुटी मिळाली नव्हती. तिने चिऊची वेणी घट्ट घातली आणि कानात म्हणाली, “तुला येईल तसं बोल. चुकलं तर चुकलं.”

“चुकायचं कशाला?” सर दारातून म्हणाले.

बसमध्ये त्यांची उजळणी सुरूच. “अ हेल्दी माइंड इन अ हेल्दी—” “बॉडी.” “ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट—” “गोल्ड.” पुढच्या बाकावरचा एक माणूस मान वळवून बघायला लागला तसा सरांनी आवाज आणखी चढवला. असेल बिचाऱ्यालाही इंग्रजीची आवड, त्यांना वाटलं. त्या माणसाने जागा बदलली.

मोठ्या शाळेचा व्हरांडा लांबलचक आणि धुऊन काढल्यासारखा स्वच्छ होता. पालक भिंतीला लागून बसले होते, मुलं आत एकेक करून जात होती. तिथली रीत अशी की पालकाने मुलाबरोबर आत यायचं, पण मागच्या खुर्चीवर बसायचं आणि ब्र काढायचा नाही. शिपायाने ते प्रत्येकाला समजावून सांगितलं. सरांनाही सांगितलं. सर मनात म्हणाले, हे सामान्य लोकांसाठी.

मोठ्या बाई खरं तर बुटक्या होत्या. पिकलेले केस, चष्मा दोरीने गळ्यात, आणि सर्दी झालेली. टेबलावर एका बाजूला फायली, दुसऱ्या बाजूला कोरे कागद आणि पेन्सिली. त्यांनी चिऊला समोरच्या खुर्चीवर बसवलं. खुर्ची एवढी उंच की चिऊचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

“टेल मी,” मोठ्या बाई हसून म्हणाल्या, “हाऊ डिड यू कम हिअर टुडे?”

चिऊ त्यांच्या ओठांकडे बघत राहिली.

बाईंनी पुन्हा विचारलं, आणखी सावकाश. चिऊ बघतच राहिली. घाबरली होती म्हणाल तर तसंही नाही. ती वाट बघत होती. वाक्य अजून सुरूच झालं नव्हतं तिच्या लेखी! हे काय, पूर्णच्या पूर्ण वाक्य म्हणून टाकायचं आणि वर बघत बसायचं? आपण कुठं शिरायचं त्यात?

मोठ्या बाईंनी आवडीनिवडी विचारल्या. मैत्रिणी विचारल्या. खिडकीतून काय दिसतं ते विचारलं. खिडकीतून एक माणूस शिडीवर चढून मैदानाच्या भिंतीला रंग देताना दिसत होता, चिऊने तो बघितलाही, पण तोंडातून अक्षर नाही. मागे सरांच्या कपाळावर घाम आला. त्यांना मोठ्या बाईंचाच राग आला. साधं विचारता येत नाही आणि म्हणे मोठी शाळा! नाचता येईना, अंगण वाकडं.

“डोन्ट वरी,” मोठ्या बाई म्हणाल्या. “धिस इज नॉट अ‍ॅन—” आणि त्यांना शिंक आली.

“एक्झाम!” चिऊ खणखणीत आवाजात म्हणाली.

मोठ्या बाई रुमाल नाकाशी धरून थबकल्या. आणि मागे सरांनी मांडीवर थाप मारली. “बघा!” ते उठून उभेच राहिले. “मॅडम, हिला तसं विचारा. थांबा, मी दाखवतो.”

“तुम्ही बसा,” मोठ्या बाई म्हणाल्या.

पण सर बसतात कुठले! गंगेत घोडं न्हायची वेळ आली आणि माणूस बसेल? “ऑनेस्टी इज द बेस्ट—”

“पॉलिसी!”

“अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज—”

“नाइन!”

चिऊची मान ताठ झाली, गालांवर रंग आला. ओळखीचं घर दिसलं पोरीला. सरांना स्फुरण चढलं. त्या खोलीत आता त्यांना त्यांचा वर्ग दिसत होता, आणि मोठ्या बाईंच्या जागी जेवायची घाई झालेले साहेब.

“माय फादर इज अ—”

“डॉक्टर!”

मोठ्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “तुम्ही डॉक्टर आहात?”

“छे छे! मी शिक्षक. ते निबंधातलं आहे.”

“अस्सं. काय शिकवता?”

“इंग्रजी,” सर ऐटीत म्हणाले.

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं, मग चिऊकडे. “सर,” त्या म्हणाल्या, “तुम्ही बाहेर बसा.”

“मॅडम, तुमच्या लक्षात आलं नाही बहुतेक. मी स्वतः इंग्रजीचा शिक्षक आहे.”

“आलं लक्षात. म्हणूनच म्हणते, बाहेर बसा.”

शिपायाने दार उघडून धरलं. इतक्या पालकांच्या देखत सर बाहेर आले आणि दार त्यांच्या तोंडावर बंद झालं. कुणीतरी खुर्ची सरकवून त्यांना जागा दिली, ती दया त्यांना जास्तच लागली. ते बसले. मग उठले. मग दाराशी जाऊन कान लावला. आतून काहीही ऐकू येत नव्हतं. सरांच्या आयुष्यात शांततेचा एकच अर्थ होता: शिकवणं बंद पडलंय. त्यांना वाटलं, गेली शाळा, बाईने आकसापोटी पोरीला पाडलं. हेडसरांना काय सांगायचं? शिक्षकांच्या खोलीत काय तोंड दाखवायचं? पोरीचं काय होईल हा विचारही त्यांना आला, पण तो रांगेत बराच मागे होता.

इतर मुलं आत जाण्याची वेळ टळून गेली. शिपाई पालकांना थांबायला सांगत राहिला. मग केव्हातरी आतून कुणीतरी हसल्यासारखं वाटलं आणि दार उघडलं.

चिऊ खुर्चीतच होती. डोळे लाल, नाक लाल, बोटं पेन्सिलीने काळी. मोठ्या बाईंच्या हातात एक कागद होता. त्यांनी तो सरांपुढे धरला. “वाचा.”

सरांनी वाचला. चिऊच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं:

‘माय फादर स्पीक इन मॉर्निंग. आय हिअर. माय फादर स्पीक इन बस. आय हिअर. वन डे आय सॉ अनियन इन धिस स्कूल. अनियन हॅव स्मॉल स्मॉल रूम. नोबडी स्पीक इन अनियन. आय वॉन्ट टू सी अगेन.’

सरांचा चेहरा पडला. त्यांनी कागद चिऊपुढे नाचवला. “एस कुठाय? माय फादर स्पीक्स! एस खाल्लास तू! कितीदा सांगितलं, थर्ड पर्सन सिंग्युलर घेतो—”

चिऊने ती जागा भरली नाही.

बघितलंत? पोरीने काळीज काढून कागदावर ठेवलं आणि या माणसाला त्यात दिसला काय, तर एस नाही! लिहिणारी कोण, लिहिलंय कुणावर, आहे का कशाचा पत्ता? डोळे असून आंधळा म्हणतात तो हाच.

“चुका मलाही दिसतात, सर,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद परत घेतला. “त्या काढता येतात. आम्ही मुलीला घेतोय.”

सरांना आधी कळलंच नाही. मग कळलं तशी त्यांची कळी खुलली. “मी म्हणत होतो ना मॅडम, पाया पक्का आहे तिचा!”

“एक अट आहे.”

“बोला.”

“घरी तिला इंग्रजी शिकवायचं नाही. एक शब्द नाही.”

परतीच्या बसमध्ये सर खिडकीशी बसून सगळं नीट लावून घेत होते. घेतली, म्हणजे झालं. अट काय, बाईला आपली भीती वाटली असणार. मोठ्या शाळांना बाहेरचा हुशार माणूस खपत नाही. एक्झाम हा शब्द पोरीने कसा फेकला होता! तिथंच बाई गार झाली. उद्या शिक्षकांच्या खोलीत सांगायची गोष्ट त्यांच्या मनात तयारही झाली, आणि त्या गोष्टीत त्यांना बाहेर काढल्याचा भाग नव्हता. पडलो तरी नाक वर, त्याला कोण काय करणार? चिऊ शेजारी बसून बाहेर बघत होती. सरांनी बसमध्ये एकही वाक्य सुरू केलं नाही. अट पाळली म्हणून नव्हे. ते गोष्ट रचण्यात गुंतले होते.

आई दुकानातून आली होती आणि दारातच उभी होती. पायातली चप्पलही काढली नव्हती.

“काय झालं?”

“झालं काय,” सरांनी घसा साफ केला, “आपल्या चिऊने आज—”

“तुम्ही थांबा,” आई म्हणाली. “चिऊ, तू सांग.”

चिऊने बूट काढले. खाली बसली. आईकडे बघितलं. आई तिच्यासमोर बसली आणि वाट बघत राहिली. सरांची चुळबुळ सुरू झाली.

“त्यांनी मला घेतलं,” चिऊ म्हणाली. मग जरा थांबून, “आधी मला काही येत नव्हतं. बाबांना बाहेर पाठवलं. मग मोठ्या बाईंनी—”

“प्रश्न विचारले,” सर म्हणाले.

“नाही. त्यांनी पंखा कमी केला. मला गार वाजत होतं.” चिऊ पुन्हा शोधायला लागली, शब्द एकेक करून येत होते. “मग त्यांनी कागद दिला आणि म्हणाल्या, यावर—”

“निबंध लिही.”

“नाही हो बाबा. यावर काहीही कर, म्हणाल्या, चित्र काढलंस तरी चालेल. मी काहीच केलं नाही. मग त्या उठून माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. मला म्हणाल्या, तू—”

चिऊ थांबली.

“हुशार आहेस!” सर म्हणाले.

“तू दमलीस का गं, म्हणाल्या.” चिऊने बाहीने नाक पुसलं. “मी हो म्हणाले. मग मला खूप रडू आलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. मग मी लिहिलं.”

सरांनी बोलायला तोंड उघडलं. आईने त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांनी ते मिटलं.